पोरांना घेऊन स्टेक खायला जाताय? कॅप्टनचं ऐका

दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या ग्रिलरूममध्ये माझी नोकरी झाली, आधी वेटर, मग कॅप्टन, म्हणजे ऑर्डर घेणारा, वेटरांवरचा माणूस. पांढरे टेबलक्लॉथ, मंद दिवे, आणि दारातून पाच वर्षांचं पोर आत शिरलं की शेजारच्या टेबलांवर उमटणाऱ्या आठ्या, हे रोजचंच. आता लालबागला घरी बसून भाचे-पुतण्यांना एकच सांगत असतो: पोर रडतं ते भुकेने आणि ताटकळून. तेवढा वेळ सांभाळलात की बाकी सगळं निभतं.

बुकिंग ॲपवरून झालं तरी एक फोन कराच आणि मुलांची वयं सांगा. किचन सुरू होतानाचं, सात-साडेसातचं टेबल घ्या. नऊ वाजले की ग्रिल भरलेलं असतं आणि साधी ऑर्डरही अर्धा-पाऊण तास खाते. भिंतीकडचा सोफा मागा. पोर आतल्या बाजूला, तुम्ही बाहेर. किचनच्या दाराजवळ अजिबात बसू नका, तिथून गरम प्लेटा घेऊन वेटर धावत असतात. हाय चेअर अशा ठिकाणी एखाद-दुसरीच असते, तीही फोनवरच सांगून ठेवा. आणि निघताना पोटाला आधार म्हणून चार घास वरणभात भरवा.

बसल्याबरोबर, स्वतःचं मेन्यूकार्ड उघडायच्या आधी, मुलांचं सूप आणि ब्रेड सांगून टाका. ‘पोरांचं आधी लावा’ एवढं म्हटलं की कॅप्टन केओटीवर, म्हणजे किचनमध्ये जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, तसं लिहितो. मोठ्यांचं ड्रिंक नंतर. बरेच जण नेमकं उलटं करतात, मग सूप येईपर्यंत पोर टेबलाखाली गेलेलं असतं.

आता स्टेक. मुंबईत मेन्यूवर टेंडरलॉइन (कंबरेकडचा मऊ तुकडा) लिहिलेलं असतं ते बहुतेक ठिकाणी म्हशीचं मांस. महाराष्ट्रात गोहत्येला १९७६च्या कायद्याने बंदी होतीच, २०१५च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. तुमच्याकडे हे चालत नसेल तर न लाजता विचारा. चिकन, लॅम्ब चॉप्स, रावस त्याच ग्रिलवर होतात. दोन लहान मुलांत एक प्लेट पुष्कळ झाली. ‘दोन प्लेटांत वाटून द्या’ म्हणा, शेफ आतच करून देतो.

तुम्ही मीडियम रेअर, म्हणजे आतून लालसर, खुशाल खा, मुलांसाठी मीडियम वेल, म्हणजे आतून जेमतेम गुलाबी, सांगा. अख्ख्या तुकड्याला आतून ६३ अंश सेल्सिअस आणि ग्रिलवरून उतरवल्यावर तीन मिनिटं विश्रांती पुरते. खिम्याची बर्गर पॅटी असेल तर ७१ अंश, मधे गुलाबी चालणार नाही. पण ‘एकदम वेल डन’, म्हणजे आतपर्यंत पूर्ण भाजलेलं, सांगायच्या भानगडीत पडू नका. म्हशीच्या मांसात चरबी कमी, त्याचं चामडं होतं आणि पोर चावून चावून शेवटी नॅपकिनमध्ये काढून ठेवतं. प्लेटमध्ये लाल पाणी दिसलं की ‘आई, रक्त!’ ही आरोळी ठरलेली. ते रक्त नसतं, मांसातल्या मायोग्लोबिन नावाच्या लाल प्रथिनाने रंगलेलं पाणी असतं. हे घरीच सांगून ठेवा, म्हणजे शेजारचं टेबल दचकणार नाही.

सॉस वेगळ्या वाटीत मागा. पेपर सॉस तिखट तर असतोच, शिवाय त्यात बऱ्याचदा ब्रँडी किंवा वाइन पडते, आणि शिजवली तरी ती सगळी उडून जात नाही. मश्रूम सॉसबद्दलही तेच विचारून घ्या. नाहीतर नुसतं बटर आणि मॅश्ड पोटॅटो. मुलं खरं म्हणजे तेवढ्यावरच खूश असतात.

मांसाचे बारीक तुकडे करायचं काम आतल्या लोकांवर सोपवू नका, कापलेले तुकडे टेबलावर येईपर्यंत गार होतात. प्लेट आली की आधी मांसावरच्या बारीक रेघा कुठल्या दिशेने जातात ते बघा. सुरी त्या रेघांना आडवी धरा आणि एका वेळी चार-पाचच तुकडे करा. रेघांच्या दिशेने कापलंत तर लांब दोरे निघतात, ते चावले जात नाहीत. चार वर्षांच्या आतल्या मुलाला वाटाण्याएवढे तुकडे, आणि घशात अडकू नये म्हणून त्याच्याकडे लक्ष. स्टेकची सुरी खूप धारदार असते. मुलांसमोरची उचलायला लावा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला काटा-सुरी शिकवायची असेल तर आदल्या रविवारी घरी आम्लेटावर हात बसवून घ्या.

पाण्यासाठी लांब दांड्याचा ग्लास नको, बुटका मागा. काही सांडलं तर स्वतः पुसत बसू नका, हात वर करा. आम्हाला ते एका मिनिटाचं काम. ऑर्डर मुलांना स्वतः देऊ द्या. ‘काका, मला चिकन स्टेक’ असं कोणी म्हटलं की किचनमध्ये त्या टेबलाची प्लेट दोन मिनिटं आधी लागते, हे आमच्यातलं गुपित.

सूफ्ले, म्हणजे ओव्हनमध्ये फुलवलेलं अंड्याचं गोड, हवं असेल तर मेन कोर्सबरोबरच सांगा, त्याला वीसेक मिनिटं लागतात. पेंगणाऱ्या पोरासाठी आइस्क्रीम बरं. त्याच्यासोबतच बिल मागवा आणि नीट वाचा. सर्व्हिस चार्ज आपोआप लावू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये बजावलं, दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. लावला असेल तर शांतपणे काढायला सांगा. टीप मात्र रोख द्या, आणि टेबलाखालचे ब्रेडचे तुकडे उचलणारा पोरगा वेगळा असतो, त्याच्याही हातात काहीतरी ठेवा.