डोक्याला तेल लावून जाऊ नका: सायकॉलॉजीच्या एक्सपेरिमेंटला बसणाऱ्यांसाठी

सेमिस्टर संपत आली की आमच्या डिपार्टमेंटच्या ग्रुपवर मेसेज पडायला लागतात, सब्जेक्ट (म्हणजे एक्सपेरिमेंटला बसणारी माणसं) हवेत, वय १८ ते २५, वीस मिनिटं फक्त, कोर्सचं क्रेडिट मिळेल. मग शेवटच्या आठवड्यात सगळे एकदम धावतात आणि स्लॉट संपलेले असतात. मी आतापर्यंत नऊ वेळा बसलेय, त्यातल्या पहिल्या दोनतीन वेळा अगदी येड्यासारखी बसले, म्हणून ज्युनियर्ससाठी हे लिहितेय.

स्लॉट सेमिस्टरच्या सुरुवातीलाच घ्या. आणि रविवारचा स्लॉट घेताना आधी मेगाब्लॉक बघा राव, मी ठाण्याहून येते, एकदा असं झालं की मी पोचले तोवर माझ्या जागी दुसऱ्याला बसवलं होतं आणि क्रेडिट गेलं ते गेलंच. एक्सपेरिमेंट घेणारी ताई एमएची असते, तिला तीसचाळीस सब्जेक्ट मिळवायचे असतात, तिचीही मारामार चालू असते, तर येणार नसाल तर आदल्या दिवशी सांगा एवढं साधं आहे.

फॉर्म भरताना चष्मा आहे का, डावखुरे आहात का, रंग ओळखायला त्रास होतो का हे विचारतात, खरं सांगा. एक जण रंग नीट दिसत नसताना स्ट्रूप टेस्टला बसला होता, म्हणजे काय बोलायचं. ही टेस्ट १९३५ सालची, "लाल" हा शब्द हिरव्या शाईत छापलेला असतो आणि तुम्ही शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा, ऐकायला सोपं वाटतं पण तोंडातून "लाल"च निघतं. यात अजून एक गंमत आहे, ज्या भाषेत आपण रोज वाचतो त्या भाषेत साधारणपणे जास्त अडखळायला होतं, त्यामुळे मराठी मीडियमचे असाल तर ते आधीच सांगून टाका, त्यांना त्याची नोंद लागते.

कन्सेंट फॉर्म आला की आपण सगळे थेट खाली सही करतो, जसं अ‍ॅपचं ॲग्री दाबतो तसं. नका करू. किती वेळ लागणार, व्हिडिओ किंवा आवाज रेकॉर्ड होणार का, नाव लिहिणार की कोड नंबर, माहिती कोण बघणार, आणि मधेच उठलात तर चालेल का, एवढं वाचायला दोन मिनिटं लागतात. एफवायला बरेच जण अजून सतराचे असतात, जिथे अठराची अट नसते तिथे त्यांना घरच्यांची सही लागते, ती आदल्या दिवशीच घ्या, ट्रेनमध्ये बाबांची सही मारू नका.

क्रेडिट हवंय पण एक्सपेरिमेंटला बसायचं नाहीये असंही असू शकतं. अमेरिकेत हा एक्स्ट्रा क्रेडिटचा प्रकार जुना आहे आणि तिथल्या सायकॉलॉजिस्टांच्या संघटनेचा, एपीएचा, नियमच आहे की क्रेडिट देणार असाल तर तेवढ्याच तोलाचं दुसरं कामही द्यायचं. म्हणून मॅडमना शांतपणे विचारा की त्याऐवजी एखाद्या पेपरचा सारांश लिहून दिला तर चालेल का. आमच्या मॅडमनी दिला होता.

आता खरा मुद्दा. हुशारी करायला जाऊ नका. माझी पहिली टेस्ट शब्द लक्षात ठेवायची होती, वीस शब्द ऐकायचे आणि आठवतील ते लिहायचे. मला पुस्तकातून माहीत होतं की यादीतले पहिले आणि शेवटचे शब्द जास्त आठवतात आणि मधले उडतात, तर मी काय केलं, मधलेच शब्द घोकले, मस्त इम्प्रेशन पडेल म्हणून. ताईने नंतर माझा ग्राफ काढला, कडेला खड्डे आणि मधे डोंगर. ती काही बोलली नाही, नुसतं पेन टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. तिचा एक सब्जेक्ट वाया गेला होता.

याच्या उलटं म्हणजे फार आज्ञाधारक होणं, तेही तेवढंच वाईट. मार्टिन ऑर्न नावाच्या सायकॉलॉजिस्टने १९६२ च्या पेपरमध्ये सांगितलंय, लोकांना बेरजांचे कागद दिले, एका कागदावर २२४ बेरजा, आणि प्रत्येक कागद पूर्ण झाला की त्याचे कमीत कमी ३२ तुकडे करायचे आणि पुढचा घ्यायचा. तो समजला लोक वैतागून उठतील, पण ते तासन् तास करतच बसले! म्हणजे हे एक्सपेरिमेंट आहे म्हटल्यावर माणूस काहीही करतो. तर कंटाळा आला असेल तर कंटाळल्यासारखेच वागा, ताईला काय हवं असेल ते ओळखून देऊ नका.

प्रश्नावली असेल तर सगळीकडे तीनवर टिक मारत सुटू नका, मधेच "इथे चारवर खूण करा" असं वाक्य लपवलेलं असतं आणि तिथे पकडले जाता.

कधीकधी आधी खोटं सांगतात आणि शेवटी खरं उघड करतात. सायकॉलॉजिस्ट सोलोमन ॲशच्या १९५१ च्या प्रयोगात रेषांची लांबी ओळखायची होती आणि बाजूला बसलेले बाकी सगळे मुद्दाम चुकीचं उत्तर द्यायला आधीच पढवलेले होते. असं काही असेल तर शेवटची पाच मिनिटं ट्रेन पकडायला पळू नका, डीब्रीफिंग, म्हणजे शेवटी खरं काय ते समजावतात ते, ऐका, आणि बाहेर येऊन कँटीनमध्ये फोडू नका कारण पुढचा स्लॉट तुमच्याच मित्राचा असतो. प्रश्नांनी मन खाली गेलं, जुनं काही वर आलं, तर तिथेच थांबा आणि ताईला सांगा. घरी गेल्यावर जाणवलं तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे.

तेलाचं राहिलंच. ईईजी असेल, म्हणजे मेंदूतले विजेचे सिग्नल मोजायला डोक्यावर तारांची टोपी, तर आदल्या रात्री शाम्पू करून जा आणि तेल अजिबात नाही. माझ्या आईने सकाळी बळेच खोबरेल थापलं होतं, इलेक्ट्रोड काही केल्या सिग्नल धरेना, ताई पाऊण तास कापसाने माझं डोकं पुसत होती. वर टोपीखाली जेल भरतात ते वाळून कडक होतं, त्यामुळे रुमाल आणि कंगवा न्या, नाहीतर ठाण्यापर्यंत लेडीज डब्यात सगळ्या बघत राहतात. निघताना रजिस्टरवर सही करा आणि क्रेडिटच्या स्लिपचा फोटो काढून ठेवा, माझी एक स्लिप जीन्सबरोबर मशीनमध्ये धुतली गेलीय.