कोड एडिटरमध्ये निवडलेल्या ओळी क्रमाने कशा लावाव्यात

किनाऱ्यावरील घरगुती निवासांची यादी संकेतस्थळासाठी करायला घेतली, की गावांची नावे जशी कळतील तशी खाली जोडली जातात आणि यादी लांबल्यावर एखादे गाव दोनदा आले आहे का, हे नजरेने कळेनासे होते. अशा वेळी ओळी हाताने वरखाली हलवीत बसू नये.

व्हीएस कोड या एडिटरमध्ये पहिल्या ओळीच्या आरंभी कर्सर ठेवून, शिफ्ट दाबून धरून शेवटच्या ओळीच्या अंती क्लिक करावे. यादीबाहेरचे कंस निवडीत येऊ देऊ नयेत. मग कंट्रोल, शिफ्ट आणि पी या कळा एकत्र दाबाव्यात (मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड), उघडलेल्या चौकटीत ‘सॉर्ट लाइन्स’ असे इंग्रजीत टाइप करावे आणि चढत्या क्रमासाठी ‘असेंडिंग’, उतरत्यासाठी ‘डिसेंडिंग’ निवडावे. या आज्ञेला मुळात कळ दिलेली नसते. काम रोजचे असेल तर ती स्वतः नेमून घ्यावी. सब्लाइम टेक्स्टमध्ये विंडोजवर एफ नाइन ही एक कळ पुरते. नोटपॅड प्लस प्लसमध्ये ‘एडिट’ मेनूतील ‘लाइन ऑपरेशन्स’ पाहावे.

खरी अडचण स्वल्पविरामाची. जेसन, म्हणजे ठरावीक रचनेत माहिती साठवणाऱ्या, फाइलमधील ही यादी पाहा:

"हर्णे",
"आंजर्ले",
"गुहागर",
"मालवण"

क्रम लावल्यावर आंजर्ले, गुहागर, मालवण, हर्णे अशा ओळी येतात खऱ्या, पण प्रत्येक ओळ आपला स्वल्पविराम बरोबर घेऊन जाते. परिणामी मालवणनंतर तो नसतो, हर्णेनंतर नको असताना उरतो आणि फाइल वाचली जात नाही. म्हणून क्रम लावण्याआधी शेवटच्या ओळीलाही स्वल्पविराम द्यावा व नंतर नव्या शेवटच्या ओळीचा काढून टाकावा. असे केल्याने दोनदा आलेल्या ओळी काढणारी व्हीएस कोडमधील ‘डिलीट ड्युप्लिकेट लाइन्स’ ही आज्ञाही नीट चालते, कारण तिच्या दृष्टीने एका स्वल्पविरामाचा फरक असलेल्या ओळी वेगळ्याच असतात.

आकड्यांची तुलना बहुधा अक्षरांसारखी, डावीकडून एकेक चिन्ह घेऊन होते. दाभोळ-धोपावे फेरीबोटीचे वेळापत्रक करताना समजा 9:15 आणि 10:00 अशा वेळा लिहिल्या, तर दहाची फेरी आधी येईल. 09:15 असे लिहिले की प्रश्न मिटतो. नुसत्या संख्या असतील तर नोटपॅड प्लस प्लसमधील पूर्णांकांची क्रमवारी वापरावी.

देवनागरी नावांचा क्रम मात्र डोळ्यांखालून घालावाच. विमसारखा एडिटर युनिकोडमधील, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीतील, क्रमांकांनुसार ओळी लावतो. तेथे ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये आहे आणि ‘क्ष’ हे ‘क’पासून सुरू होणारे जोडाक्षर असल्यामुळे ‘क्षेत्र’ हा शब्द ‘ह’नंतर न येता ‘क’च्या शब्दांत जाऊन बसतो. वर्णमालेचा काटेकोर क्रम हवा असल्यास एवढ्या ओळी हातानेच हलवाव्या लागतात.