मुलांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजताना या चुका टाळा

आठ वर्षांच्या मुलाचा आलेख वेडावाकडा आला की आपण आधी मुलाकडे संशयाने बघतो. माझा सल्ला उलटा आहे: आधी खुर्ची, कॅमेरा आणि अंतर तपासा. निरोगी मुलाची नोंद बिघडलेली दिसते, त्यामागे पुष्कळदा मोजणाऱ्याचाच हात असतो.

सगळ्यात महाग पडते ती कॅलिब्रेशनमधली घाई. पडद्यावर ठिपके दाखवून आपण आय ट्रॅकरला, म्हणजे नजर टिपणाऱ्या यंत्राला, शिकवतो की बाहुली अशी दिसली म्हणजे नजर अमुक जागी आहे. मोठी माणसं नऊ ठिपके मुकाट्याने बघतात. चार वर्षांचं मूल तिसऱ्या ठिपक्यालाच आईकडे वळतं, आणि यंत्र ती नजर ठिपक्यावरची समजून लिहून घेतं. मग पुढचा प्रत्येक आकडा या चुकीवर उभा राहतो. लहानग्यांना पाचच ठिपके द्या, तेही आवाज करत आकसत जाणाऱ्या चित्रांचे. आपोआप पुढे सरकायची सोय बंद ठेवा. मूल खरंच बघतंय हे दिसल्यावर तुम्ही कळ दाबा. तिरळेपणा असेल तर एक डोळा झाकून दुसऱ्याचं, असं वेगवेगळं कॅलिब्रेशन करा. शेवटी तेच ठिपके पुन्हा दाखवून पडताळा घ्या. एक अंशाहून जास्त फरक आला तर पुन्हा पहिल्यापासून. कंटाळा येतो, मान्य आहे.

खोलीतला उजेडही कॅलिब्रेशनपासून चाचणी संपेपर्यंत तोच ठेवा. बाहुली लहानमोठी झाली की नजर न हलताही यंत्राला ती सरकल्यासारखी वाटते.

दुसरी चूक अंतराची. डोळा पडद्यापासून ५७ सेंटिमीटरवर असेल तर पडद्यावरचा १ सेंटिमीटर म्हणजे साधारण १ अंश. मूल रंगात येऊन पुढे झुकलं आणि अंतर ५० झालं, तर १० अंशांवर ठेवलेलं लक्ष्य, म्हणजे मुलाने बघायचा ठिपका, ११ अंशांच्याही पलीकडे जातं. हनुवटीला आधार द्या, आणि पाय लोंबकळत असतील तर पायाखाली स्टूल ठेवा. पाय टेकले की निम्मी चुळबुळ थांबते. डोकं मोकळं राहिलं तर लक्ष्याकडे वळण्याचं थोडं काम मानच करते आणि डोळ्यांची उडी, म्हणजे एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर झटकन जाणं, उगाच तोकडी दिसते.

आलेखातल्या खुणांवरूनही दोष ओळखता येतो. सगळे बिंदू एकाच दिशेला सारखेच सरकलेत? मूल जागेवरून हललंय. फक्त खाली बघताना नोंद तुटते? पापणी बाहुलीवर येतेय. कॅमेरा पडद्याच्या खालून लावा. किशोरवयीन मुलींच्या बाबतीत मस्करा पुसायला सांगा, यंत्र काळ्या पापण्यांनाच बाहुली समजतं. चष्म्यावर चकाकी येत असेल तर कॅमेऱ्याचा कोन थोडा बदला. लक्ष्य हलल्यावर ८० मिलिसेकंदांच्या आतच डोळा निघाला, तर तो प्रतिसाद नव्हे, अंदाज. लक्ष्य ठरावीक तालात हलवू नका.

यंत्राच्या मर्यादेबद्दल थोडक्यात. डोळ्यांची १० अंशांची उडी, म्हणजे सॅकेड, ४०-४५ मिलिसेकंदांत संपते. ६० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ६० वेळा बघणारं, यंत्र तेवढ्यात दोन-तीनदाच बघतं. अशा नोंदीतून उडीचा कमाल वेग काढू नका. नजर कुठे किती वेळ टिकली, एवढंच तिला विचारा.

आता तुलनेकडे. सहा वर्षांच्या मुलाचे आकडे मोठ्यांच्या तक्त्याशी लावले की निरोगी मूलही आजारी ठरतं. लहानांची उडी उशिरा सुरू होते आणि दर वेळी वेगळी असते. सरकत्या ठिपक्यामागे नजर फिरवताना ती मागे पडते आणि छोट्या उड्या मारून त्याला गाठते. ठिपक्याच्या उलट दिशेला बघायची चाचणी, अँटीसॅकेड, तर त्यांना भारीच जड जाते; तिच्यातल्या चुका किशोरवयातही कमी होत राहतात. म्हणून त्याच वयाची, त्याच पद्धतीने मोजलेली मुलं तुलनेला घ्या. उडी लक्ष्याच्या किंचित अलीकडे पडून दुसऱ्या छोट्या उडीने पूर्ण झाली तर घाबरू नका, मोठ्यांचंही तसंच होतं. अगदी कडेला बघताना डोळे थोडे थरथरणंही निरोगी माणसांत दिसतं. म्हणून लक्ष्य फार कडेला नेऊ नका.

उड्यांचा वेग हळूहळू उतरत गेला तर मूल पेंगतंय. चाचणी थांबवा, पाणी द्या, थोडं हिंडू द्या. रात्री झोप किती झाली आणि सर्दीची किंवा फिट्सची औषधं चालू आहेत का, हे मात्र पालकांना चाचणीआधीच विचारून नोंदीत लिहून ठेवा.