सगळ्या कॉम्प्युटरवर एकच लिनक्स? या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि 'जरा लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाकून दे ना' म्हणणारे नातेवाईक माझ्याकडे यायला लागले. लिनक्सचे बरेच प्रकार असतात, पण मी त्यातल्या उबंटू २४.०४ चा एकच पेनड्राइव्ह बनवला आणि नागपूरभर तोच फिरवला. कारण काय, तर माझ्या लॅपटॉपवर ते छान चालतं. सगळ्या चुकांचं मूळ इथेच आहे.

महालातल्या आतेभावाचा डेस्कटॉप २ जीबी रॅमचा. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन, "काऊन बे, माउस हलवला का हा आधी विचार करून राहिला!" तो म्हणाला ते खरंच होतं. उबंटू २४.०४ स्वतःच डेस्कटॉपसाठी किमान ४ जीबी मागतं, मी वाचलंच नव्हतं. मग लिनक्स मिंट या दुसऱ्या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली, मशीन हलू लागलं. पण ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की पुन्हा तेच. रॅम लिनक्स खातं त्याहून जास्त ब्राउझर खातो, आणि त्याला हलकं लिनक्स काय करणार? शेवटी बर्डीच्या बाजारातून जुन्या रॅमची एक पट्टी आणि छोटी एसएसडी आणली. खरा फरक तेव्हा पडला.

अगदी जुनी मशीन असेल तर आधी ३२-बिट लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) पेनड्राइव्हवरून टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून इंग्रजी छोट्या अक्षरांत 'एलएससीपीयू' टाइप करा. वरच्या ओळींत फक्त ३२-बिट (म्हणजे जुन्या पिढीचा प्रोसेसर) दिसलं, तर निम्मे पर्याय तिथेच संपले. उबंटूने ३२-बिट डेस्कटॉपची फाइल २०१७ मध्येच बंद केली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ (लिनक्सचाच आणखी एक प्रकार) मध्येही ३२-बिटसाठी इन्स्टॉलर नाही. डेबियन १२ बसेल, पण माझं ऐकाल तर अशा मशीनवर वेळ घालवू नका.

भाचीच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर मी उलटी चूक केली. 'स्थिर म्हणजे उत्तम' म्हणून डेबियन १२ टाकलं. त्याचा कर्नल (हार्डवेअर ओळखणारा लिनक्सचा गाभा) ६.१, वायफायची चिप त्याच्यानंतरची. नेटवर्कच्या यादीत काहीच नाही, आणि ड्रायव्हर उतरवायला नेट हवं! नव्या हार्डवेअरला नवा कर्नल लागतो, म्हणून तिथे ताजा कर्नल असलेलं फेडोरा बसवलं. इन्स्टॉल करण्याआधी लाइव्ह मोडमध्ये वायफाय, आवाज आणि झाकण मिटून उघडणं, एवढं तपासलं असतं तर एक रविवार वाचला असता.

एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर आणखी एक जागा सांगतो, जिथे बहुतेक जण अडकतात. सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअर लोड होऊ न देणारी सोय) चालू ठेवून ड्रायव्हर टाकला की उबंटू किंवा मिंट एक पासवर्ड ठरवायला लावतं. रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा येतो. लोक घाबरून 'कंटिन्यू बूट' दाबतात, ड्रायव्हर लोडच होत नाही, आणि मग लिनक्सला शिव्या. त्या पडद्यावर 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा, बस.

विंडोजही ठेवणार असाल तर त्यातलं फास्ट स्टार्टअप (पुरतं बंद न होता झटपट सुरू व्हायची सोय) बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. आणि विंडोजमध्ये घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर सेल बदलू नका: लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं.

मराठी फाइलींचंही बघून घ्या. कृतिदेवमधली जुनी पत्रं त्या फाँटशिवाय नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात. फाँटची फाइल आधीच कॉपी करून ठेवा.

इतवारीतल्या एका काकांचं बिलिंग सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, डिजिटल सहीचं टोकनही त्यालाच जोडलेलं. पेनड्राइव्ह खिशातच ठेवला, चहा घेतला आणि परत आलो.