दारू-तंबाखू सोडताना प्रार्थनेच्या जोडीला काय काय करावं

"प्रभूनं एका रात्रीत सोडवलं" अशी साक्ष मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ऐकायला मिळते. बहुतेकांची मात्र तशी सुटत नाही. त्यात विश्वास कमी पडला असं काही नसतं.

रोज पिणाऱ्यानं उपास धरून दारू एकदम बंद करू नये. शेवटच्या घोटानंतर 6 ते 24 तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास होऊन माणूस भ्रमतो, आणि यात जीवही जातो. म्हणून आधी डॉक्टर. पिणाऱ्याच्या अंगात बी-1 जीवनसत्त्व बऱ्याचदा आधीच कमी असतं, त्यात उपास म्हणजे दुखण्यावर डागणी. मिरजेला डॉ. वानलेस यांनी 1894 साली मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं. औषधाचं आणि प्रार्थनेचं वैर असतं तर ते झालंच नसतं.

मग एक माणूस निवडा. बायबलमधलं याकोबाचं पत्र (5:16) पापं एकमेकांजवळ कबूल करायला सांगतं. सगळ्या मंडळीपुढे उभं राहायची गरज नाही. पाळकच (पास्टरच) हवा असंही नाही, पण पुरुषानं पुरुषाला आणि बाईनं बाईला सांगावं, आणि ऐकणाऱ्याचं तोंड बंद राहणारं असावं. ठराव एकच: फोन पिण्याआधी करायचा. पिऊन झाल्यावर रडत केलेल्या फोनाचा उपयोग थोडा.

तलफ सहसा काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यासाठी 121 वं स्तोत्र पाठ करा. आठच वचनं आहेत, चालत चालत मोठ्यानं दोनदा म्हणायची. तोंडात बार असला की म्हणता येत नाही, हा तंबाखूवाल्यांना जादा फायदा. निकोटिनचं च्युइंगम घेत असाल तर ते पानासारखं चघळू नका, उचकी लागते, मळमळतं. हळू चावा, चुणचुण जाणवली की गालात दाबून ठेवा. त्याच्या आधी पंधरा मिनिटं चहा नको.

मत्तय 12:43-45 मधलं झाडून रिकामं ठेवलेलं घर आठवा, निघून गेलेला दुष्ट आत्मा आणखी सात जणांना घेऊन तिथंच परततो. संध्याकाळी सात ते नऊ हेच ते घर. त्या वेळात गायनाचा सराव, घरगुती प्रार्थनासभा, मुलांचा अभ्यास, काहीही ठेवा, पण ठरलेलं. परमिट रूमवरून जाणारा रस्ता बदला. उसाचं बिल जमा होतं तो दिवस सगळ्यात वाईट. ते थेट बायकोच्या खात्यावर जाऊ द्या.

घसरलात तर त्याच दिवशी त्या माणसाला वेळ, जागा, सोबत आणि खिशातले पैसे सांगा. चार-पाच वेळा लिहून काढलं की बहुधा तीच जागा, तीच सोबत पुन्हा पुन्हा दिसते. बऱ्याच दिवसांनी प्यायलात तर जुनं माप अंगाला झेपत नाही, हेही ध्यानात असू द्या.

आणि प्रभुभोजनाचा प्याला, म्हणजे येशूच्या आठवणीत मंडळीत भाकरीसोबत घेतात तो. काही मंडळ्यांत मनुका उकळून रस करतात, काही ठिकाणी खरा द्राक्षारस असतो. रस दोन-चार दिवस तसाच ठेवला तर आंबतोही. पाळकांना आधीच विचारा, गरज पडली तर फक्त भाकर घ्या.