मावठ्याच्या (हिवाळी पावसाच्या) भरवशावर पाणी थांबवू नका : माळव्यातील पाल्याविषयी (गोठलेल्या दवाविषयी) सल्ला

(पौष आणि माघ महिन्यांसाठी, इंदूर, महू, सांवेर, देपालपूर व लगतचे पठार)

हिमाचलात किंवा काश्मिरात बर्फ पडल्याची बातमी आली की इंदूरकडच्या शेतकऱ्याने ती पर्यटकांची बातमी म्हणून सोडून देऊ नये, कारण तिचा संबंध त्याच्या हरभऱ्याशी आहे. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे कमी दाबाचे पट्टे, डोंगरांवर बर्फ टाकून पूर्वेकडे सरकतात आणि त्यांच्या मागोमाग उत्तरेची कोरडी, गार हवा राजस्थानावरून माळव्यात उतरते. त्यानंतर ज्या रात्री आभाळ निरभ्र असते आणि वारा पडलेला असतो, त्या रात्री हिमदव, म्हणजे आपल्याकडचा पाला, पिकावर बसतो. इंदूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असूनही हे घडते, कारण हे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे आणि या दिवसांतली हवा इतकी कोरडी असते की जमिनीची उष्णता रात्रभर आकाशात निघून जाते.

पीक मात्र त्या रात्रीच्या दोन-तीन दिवस आधीच हातचे गेलेले असते. विक्षोभ जवळ आला की आभाळ भरते, रात्रीचे तापमान चढते, थंडी सरली असे वाटू लागते आणि मावठा होणार या आशेने पाळीचे पाणी थांबवले जाते. विजेची पाळी रात्रीची असेल तर हा मोह अधिकच होतो. पुष्कळदा ढग न बरसताच निघून जातात, काळी जमीन भेगाळलेली तशीच राहते आणि पाला नेमका त्याच कोरड्या शेतावर पडतो. एकाच बांधाच्या अलीकडचा भिजलेला वाटाणा हिरवा राहिलेला आणि पलीकडचा उकडल्यासारखा काळवंडलेला, हे दृश्य या भागात इतक्यांदा दिसले आहे की दरवर्षी तेच सांगावे लागते : ढग दिसले म्हणून पाणी थांबवू नये, उलट ढग दिसताच पाण्याची तयारी करावी.

यामागचे कारण साधे आहे. ओली जमीन दिवसा अधिक उष्णता साठवते आणि रात्री ती खालून वर सोडत राहते, तर कोरड्या जमिनीचा फक्त वरचा थर तापतो व सूर्य मावळताच निवतो. हलक्या ओलिताने शेतातील तापमान साधारण अर्धा ते दोन अंश सेल्सिअसने वाढते. ही वाढ कागदावर किरकोळ दिसली तरी पारा तीन-चार अंशांवर असताना पीक वाचणे किंवा जाणे तेवढ्यावरच ठरते.

हवामानाचा अंदाज वाचण्याची पद्धतही बदलायला हवी. मोबाईलवर सूर्याचे चित्र दिसले की लोक निश्चिंत होतात. हिवाळ्यात ते चित्र धोक्याचे मानावे. हवामान विभागाच्या जिल्हा कृषी सल्ल्यात, जो मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो व ‘मेघदूत’ ॲपवरही मिळतो, पुढील पाच दिवसांचे रकाने असतात. त्यातील किमान तापमान, ढगांचे प्रमाण, वाऱ्याचा वेग आणि वाऱ्याची दिशा हे चार रकाने एकत्र वाचावेत. किमान ५ अंश किंवा त्याखाली, ढग शून्य किंवा एक अष्टमांश, वारा उत्तरेचा अथवा वायव्येचा आणि मंद, असा मेळ दिसला की शासकीय इशाऱ्याची वाट पाहत बसू नये.

इंदूरचा म्हणून जो पारा वर्तमानपत्रात छापून येतो, तो विमानतळावरील वेधशाळेचा असतो आणि तोही जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, पेटीच्या आडोशाला मोजलेला असतो. निरभ्र रात्री पिकाच्या पानाजवळ त्याहून दोन-चार अंश कमी असू शकतात. नाल्याकाठच्या खोलगट शेतात गार हवा साचते, तेथे आणखी कमी. त्यामुळे ‘पारा ५ आहे, शून्य नाही’ हा दिलासा खोटा आहे. मानपूरचा घाट उतरून निमाडात गेले की उंची कमी आणि रात्र ऊबदार, तेव्हा खरगोनच्या पाहुण्याच्या सांगण्यावरून महूच्या बटाट्याचा निर्णय घेऊ नये.

आमचा एक ठोकताळा आहे, तो कोणत्याही पत्रकात मिळणार नाही : दुपारभर उत्तरेचा वारा कानाला झोंबला आणि दिवेलागणीला तो एकाएकी थांबला, तर ती रात्र पाल्याची समजावी. रात्रभर वारा वाहत राहिला तर थंडी कडक वाटते, पण पिकाला भीती कमी असते.

पाणी हलके, शक्यतो संध्याकाळी द्यावे. शेतीला वीज पाळीनेच मिळते, म्हणून आधी खोलगट तुकडे, मग वाटाणा व बटाटा, शेवटी गहू असा क्रम लावावा. तुषार संच पहाटे चालू असेल तर ऊन पडून पानांवरचा बर्फ वितळेपर्यंत बंद करू नये. मध्येच बंद केल्यास हानी वाढते. फुलोऱ्यातील हरभऱ्याला भरपूर पाणी दिल्यास फुलगळ होते आणि झाड नुसते वाढते, तेथे तुषाराने अगदी हलका शिडकावा पुरे. मध्यरात्रीनंतर बांधावर, वारा येतो त्या बाजूला, ओलसर काडीकचऱ्याचा धूर करावा.

पाल्यापासून बचावासाठी शिफारस केलेली फवारणी स्वस्त आहे. गंधकाम्ल (सल्फ्युरिक ॲसिड) ०.१ टक्का, म्हणजे १००० लिटर पाण्यात १ लिटर, एका हेक्टरला; परिणाम सुमारे दोन आठवडे टिकतो. प्लास्टिकचे पिंप व पंप वापरावा, हातमोजे आणि चष्मा घालावा, आम्ल पाण्यात हळूहळू ओतावे. आम्लात पाणी कधीही ओतू नये. आम्ल हाताळण्याची धास्ती वाटत असेल तर थायोयुरिया अर्धा ग्रॅम प्रति लिटर घ्यावा. दुकानदार या दिवसांत ‘थंडीरोधक’ म्हणून टॉनिकच्या रंगीत बाटल्या पुढे करतो. त्या एका बाटलीच्या किमतीत बरेच क्षेत्र गंधकाम्लाने फवारून होते, आणि जमीन कोरडी असेल तर अशा टॉनिकचा काही उपयोग झालेला आम्ही पाहिलेला नाही.

या दिवसांतील इतर कामे :
– गहू : पाळीनुसार पाणी, तण काढणे.
– हरभरा : घाटेअळीसाठी कामगंध सापळे, पक्षीथांबे.
– बटाटा : ढगाळ हवेत उशिराच्या करप्यावर नजर, मॅन्कोझेब (बुरशीनाशक) २.५ ग्रॅम प्रति लिटर.
– लसूण, कांदा : फुलकिड्यांची पाहणी.

पाला पडलाच तर दुसऱ्या दिवशी शेत मोडू नये आणि घाईने काही विकत आणू नये. हलके पाणी देऊन आठवडाभर थांबावे. हरभरा पुष्कळदा खालून फुटतो, वाटाण्याच्या भरलेल्या शेंगा मात्र परत येत नाहीत. मध्य प्रदेशात राजस्व पुस्तक परिपत्रक ६-४ (महसूल खात्याचे आपत्ती-मदतीचे नियम) खाली पाल्याच्या नुकसानीलाही मदत मिळते, म्हणून झाडे हिरवट-काळी दिसत असतानाच छायाचित्रे काढून पटवाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी. नुकसान न झालेल्या तुकड्यांना त्याच संध्याकाळी पाणी सुरू करावे, कारण पाल्याच्या रात्री बहुधा एकामागोमाग दोन-तीन येतात.