पर्यावरणाचा निर्णय आकड्यांत कसा मांडायचा

पाणथळ जागेवर भराव घालायचा की नाही, जंगल ठेवायचं की तोडायचं, कार्बनवर कर लावायचा की कार्बन सोडायची परमिटं विकायची, या प्रश्नांवर वाद खूप होतात पण हिशोब फार कमी लोक मांडतात, आणि जे मांडतात त्यातले बरेच जण सगळ्यात महत्त्वाचा आकडा कुठेतरी तळटीपेत ढकलून मोकळे होतात. तो आकडा म्हणजे डिस्काउंट रेट. त्याच्याकडे येतोच, आधी सुरुवात कुठून करायची ते बघू.

सगळ्यात पहिले "निसर्गाची किंमत किती?" हा प्रश्न बाजूला ठेवा. 1997 मध्ये अर्थतज्ज्ञ रॉबर्ट कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी अख्ख्या पृथ्वीवरच्या परिसंस्थांच्या सेवांची, म्हणजे निसर्ग आपल्यासाठी जी कामं करतो त्यांची, किंमत काढली होती, वर्षाला सरासरी 33 ट्रिलियन डॉलर. लोकांचे डोळे उघडायला ते उपयोगी पडलं, पण तुमच्यापुढे अख्खी पृथ्वी नाहीये, एक हेक्टर कांदळवन आहे. म्हणून प्रश्न असा लिहा: हे केलं तर काय होईल आणि नाही केलं तर काय होईल, आणि दोन्हींमधला फरक तेवढाच मोजा. "आधी" आणि "नंतर" अशी तुलना करू नका, कारण कांदळवन आधीपासूनच कमी होत असेल तर तोही सगळा तोटा तुमच्या प्रकल्पाच्या नावावर जाईल.

पैशाकडे जायच्या आधी प्रत्यक्ष बदल मोजा, म्हणजे पाण्यात गाळ किती वाढेल, मासे किती कमी होतील, पूर किती वेळा येईल, वगैरे. हे काम जीवशास्त्रवाल्यांचं आणि पाणीवाल्यांचं, त्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, शेवटी सही करायला बोलावू नका. न्यूयॉर्क शहराचं उदाहरण यासाठीच मला आवडतं. त्यांचं बरंचसं पिण्याचं पाणी कॅट्सकिल डोंगरातून येतं, फिल्टर प्लांट बांधायचा तर अंदाज 6 ते 8 अब्ज डॉलरचा होता, त्याऐवजी 1997 च्या करारानुसार शहराने पाणलोटातली जमीन, शेतकरी आणि सांडपाण्याची व्यवस्था यांवर खर्च करायचं ठरवलं जो त्याच्या अगदी थोड्या भागात बसत होता. इथे कोणाला "जंगलाची किंमत" काढावीच लागली नाही, तेच काम दुसऱ्या मार्गाने करायला किती लागेल एवढं कळलं आणि निर्णय झाला.

जिथे असा सरळ पर्याय नसतो तिथे इतर पद्धती. लोक एखाद्या ठिकाणी पोचायला किती खर्च करतात त्यावरून, स्वच्छ हवेतल्या घरांच्या किमती किती जास्त आहेत त्यावरून, नाहीतर सरळ लोकांना विचारून. शेवटची पद्धत सगळ्यात वादग्रस्त, 1989 मध्ये अलास्काजवळ एक्सॉन वाल्डेझ जहाजातून झालेल्या तेलगळतीनंतर तर तिच्यावर एवढा वाद झाला की अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो यांच्या पॅनेलने 1993 मध्ये ती कशी वापरायची याचे निकष घालून दिले. पद्धत कुठलीही घ्या, एक चूक टाळाच, दुहेरी मोजणी. मी पहिल्यांदा असा हिशोब केला तेव्हा त्याच झाडांचं लाकूडही धरलं आणि साठवलेला कार्बनही धरला, आता झाड एकतर उभं राहील नाहीतर कापलं जाईल, दोन्हीचा फायदा एकाच वेळी मिळत नाही.

आता डिस्काउंट रेट. उद्याचा रुपया आज किती धरायचा याचा तो दर, दिसायला अगदी साधा. एक हेक्टर कांदळवन तोडून कोळंबीचा तलाव करायचाय असं समजा. तलाव वर्षाला 1 लाख निव्वळ देतो पण 5 वर्षांत रोग आणि घाण पाण्यामुळे बंद पडतो, कांदळवन माशांची पिल्लं, वादळापासून बचाव आणि कार्बन मिळून वर्षाला फक्त 20 हजार देतं पण कायम देत राहतं (आकडे कल्पित आहेत, गणित समजायला). दर 10 टक्के धरला तर आजच्या किमतीत तलाव 3.79 लाख आणि कांदळवन 2 लाख, म्हणजे तोडा. दर 3 टक्के धरला तर तलाव 4.58 लाख आणि कांदळवन 6.67 लाख, म्हणजे ठेवा. जागा तीच, मासे तेच, नुसता दर बदलला. निर्णय साधारण 4.6 टक्क्यांवर उलटतो, आणि माझ्या मते अहवालात सगळ्यात वर हाच आकडा लिहायला हवा, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की आपण नक्की कशावर मत देतोय.

हवामानाच्या बाबतीत तर हे आणखी तीव्र होतं. ब्रिटिश सरकारसाठी निकोलस स्टर्न यांनी हवामानबदलाच्या खर्चावर केलेल्या 2006 च्या अहवालात दर साधारण 1.4 टक्के होता, अमेरिकन अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहॉस यांच्या गणितात साधारण 4.3. शंभर वर्षांनी होणारं 10 लाख डॉलरचं नुकसान पहिल्या दराने आज अडीच लाखांच्या आसपास, दुसऱ्याने 15 हजारांच्या आत. एवढ्या फरकावरून एक जण म्हणतो आत्ताच जोरात पावलं उचला, दुसरा म्हणतो हळूहळू वाढवा. अमेरिकेच्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेने 2023 मध्ये एक टन कार्बन डायऑक्साइडचं नुकसान 190 डॉलर धरलं, त्याआधीचा तात्पुरता आकडा 51 होता, त्यात नुकसानीचं विज्ञान सुधारलं हे आहेच पण मुख्य दर 3 वरून 2 टक्क्यांवर आला हेही मोठं कारण आहे. म्हणून एक दर धरून थांबू नका, किमान तीन दरांनी करून बघा.

आणि काही गोष्टी सहजासहजी परत येत नाहीत. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडजवळचा कॉड मासा इतका उपसला गेला की 1992 मध्ये मासेमारी बंद करावी लागली, साधारण 30 हजार लोकांचं काम गेलं, बंदी उठायला 2024 उजाडलं. एका बोटीने आणखी एक टन पकडला तर काय बिघडतं असा हिशोब तोपर्यंत प्रत्येकाला बरोबरच वाटत होता. कडेलोट जवळ असेल तर सरासरी किंमत वापरूच नका, एक मर्यादा आखा आणि ती स्वस्तात कशी पाळता येईल एवढंच शोधा.

कर की परमिटं, हे साधन निवडायलाही हेच लागू पडतं. अर्थतज्ज्ञ मार्टिन वाइट्झमन यांनी 1974 मध्ये दाखवलं की थोडं जास्त प्रदूषण झालं तरी नुकसान एकदम उसळत असेल तर प्रमाण ठरवून द्या, आणि खर्चाचीच खात्री नसेल आणि नुकसान हळू वाढत असेल तर कर बरा.

शेवटी पैसे कोण भरणार याचा वेगळा तक्ता करा, एकूण बेरजेत तो विरघळू देऊ नका. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 2008 मध्ये टनाला 10 कॅनेडियन डॉलरपासून कार्बन कर सुरू केला आणि आलेला पैसा इतर कर कमी करून लोकांना परत दिला, तो बरीच वर्षं टिकला आणि वाढतही गेला, सामान्य ग्राहकांवरचा कर 2025 मध्ये रद्द झाला. फ्रान्समध्ये 2018 मध्ये इंधनावरचा कर वाढवायचं ठरलं, गावाकडे गाडीशिवाय ज्यांचं चालत नाही त्यांच्या खिशाला तो जास्त बसणार होता, लोक पिवळी जॅकेटं घालून रस्त्यावर आले आणि डिसेंबरमध्ये वाढ मागे घ्यावी लागली. तक्त्यात उत्पन्नगट, गाव-शहर आणि आत्ताची पिढी-पुढची पिढी एवढे रकाने तरी ठेवा, आणि ज्या गोष्टीला पैशात आकडा देता आला नाही तिच्यासमोर शून्य लिहू नका, "मोजलेलं नाही" असंच लिहा, कारण शून्य बेरजेत गपचूप मिसळून जातं.